कोजागिरीच्या संध्याकाळी डोक्यावरून गेलेला स्फोट

उचगावचे आप्पा परवा संध्याकाळी आले ते मोबाईल हातात धरूनच. "सर, हे जरा बघा की. नातू दोन रात्री झोपला नाही हे बघून." व्हिडिओत मोठाली लाल अक्षरं होती : अवकाशात सात तास चाललेला स्फोट, शास्त्रज्ञ चक्रावले. पुढे कुठूनतरी गॅमा किरणांचा झोत येतो, समुद्र उकळतो, पृथ्वी करपते. "खरं किती ओ ह्यातलं?" आप्पांनी विचारलं.

अर्धं खरं आहे. २ जुलै २०२५ ला असा स्फोट नोंदला गेला आणि तो तासन्‌तास चालला, हे खरं. समुद्र उकळण्याचा भाग कुणीतरी पदरचा घातलेला. पण नऊ वर्षांच्या पोराची भीती "काही होत नाही, झोप" म्हणून जात नाही. ज्याची भीती वाटते ते काय आहे हे कळलं, की ती जाते. म्हणून त्या संध्याकाळी आप्पांशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाशी जे बोललो, ते इथे सविस्तर लिहितो. सुरुवात केली ती कोजागिरीपासून.

रविवार, ९ ऑक्टोबर २०२२

त्या वर्षीची कोजागिरी रविवारी होती. आमच्या बेळगावात, टिळकवाडीच्या घरी गच्चीवर सतरंजी घालून झाली होती, खाली दुधाचं पातेलं चढलं होतं आणि बायको चारोळ्या निवडत बसली होती. घड्याळात ६ वाजून ४७ मिनिटं झाली आणि त्याच क्षणी, आजवर माणसाने नोंदलेला सगळ्यात प्रखर गॅमा किरण स्फोट पृथ्वीवर पोचला. फर्मी नावाच्या अमेरिकी उपग्रहाने तो टिपला. झोत इतका तीव्र होता, की अनेक उपग्रहांवरच्या उपकरणांची मोजण्याची ताकदच संपली. तागडीत मावेल त्यापेक्षा जास्त माल पडावा तसं झालं. भारतातल्या वीज टिपणाऱ्या उपकरणांनाही त्याचा धक्का जाणवला. वातावरणाच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थरात त्याने काही तास खळबळ माजवली.

आकाशात तो ज्या दिशेने आला, ती जागा त्या वेळी बेळगावच्या जवळजवळ डोक्यावर होती. हे मी नंतर गणित करून पाहिलं आणि कागद हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. असा प्रखर स्फोट दहा हजार वर्षांत एखाद्या वेळी पोचतो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो आपल्या माथ्यावरून गेला आणि कुणाला कळलंही नाही. दुधावर साय धरत होती, तशीच धरत राहिली.

आप्पांच्या नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा सरळ बसला. "मग आपण मेलो कसं नाही?"

गॅमा किरण म्हणजे काय, आणि ते खाली का पोचत नाहीत

गॅमा किरण हा प्रकाशच. रेडिओच्या लहरी, आपल्याला दिसणारा उजेड, हाड मोडल्यावर काढतात तो एक्स-रे आणि गॅमा किरण ही एकाच घरातली भावंडं. फरक आहे तो प्रत्येक कणामागच्या जोराचा. रेडिओ लहरी म्हणजे जूनमधली भुरभुर, अंगावर पडते पण लागत नाही. गॅमा किरण म्हणजे गारपीट. कॅन्सरच्या दवाखान्यात कोबाल्टच्या मशिनमधून गाठीवर सोडतात ते हेच. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर लासलगावला मारा करतात तोही यांचाच, आंब्यातली कीड मरावी म्हणून.

एवढ्या जोराचा किरण हवेत शिरला, की हवेच्या कणांवर आदळून आपली शक्ती गमावत जातो. हवा हलकी वाटते खरी. पण जमिनीपासून अवकाशापर्यंतची सगळी हवा गोळा करून तिचं पाणी केलं असं समजा, तर वजनाने ते साधारण दहा मीटर खोल पाण्याइतकं भरेल. म्हणजे आपण सगळे तेहतीस फूट भरलेल्या विहिरीच्या तळाशी बसलो आहोत, आणि गारा पडताहेत त्या वर, पाण्याच्या पृष्ठभागावर. गॅमा किरणांचा अभ्यास बहुतेक उपग्रहांतून करावा लागतो, तो याचमुळे.

दुसरं कारण अंतर. तो स्फोट झाला साधारण १९० कोटी वर्षांपूर्वी, आणि प्रकाश तेव्हापासून चालत आपल्याकडे येत होता. प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. किलोमीटरमध्ये सांगायचं तर साडेनऊ लाख कोटी. आपल्या भागात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा किरण निघाला तेव्हा त्या लाव्हाचा पत्ता नव्हता आणि पृथ्वीवर जनावरं, झाडं काहीच नव्हती.

अणुबॉम्ब शोधताना सापडलेली गोष्ट

यांचा शोध लागला तो चुकून. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन यांनी हवेत आणि अवकाशात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. समोरचा तो पाळतो की नाही, हे बघायला अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले. अणुबॉम्ब फुटला की गॅमा किरण निघतात, तेवढे टिपायचे. २ जुलै १९६७ ला वेलाच्या उपकरणांत एक लख्ख उसळी दिसली. पण ती बॉम्बसारखी नव्हती. पुढे अशा बऱ्याच उसळ्या सापडल्या आणि त्या पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून येत नाहीत हे पक्कं झाल्यावर १९७३ मध्ये ही बातमी जगाला कळली. (सात तासांचा तो स्फोटही २ जुलैलाच आला, बरोबर अठ्ठावन्न वर्षांनी. योगायोगच, पण लक्षात राहतो.)

पुढची पंचवीस-तीस वर्षं एकाच प्रश्नावर वाद चालला : हे जवळ होतंय की लांब? जवळ असेल तर स्फोट बेताचा, लांब असेल तर कल्पनेपलीकडचा. अंधारात बत्ती दिसली, की ती जवळची विडी आहे की दूरवरची भट्टी, हे नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही, तसंच हे.

उत्तराची पहिली खूण मिळाली ती दिशेवरून. दिवाळीच्या रात्री येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिलात तर आकाशबाण एका बाजूलाच जास्त दिसतात, जिकडे बेळगाव शहर आहे तिकडे. हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले असते तर तेही तसेच तिच्या पट्ट्यात गर्दी करून दिसले असते. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २७०० हून अधिक स्फोट मोजले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. म्हणजे आपली आकाशगंगा हे त्यांचं गाव नव्हेच. बोहदान पाचिन्स्की नावाचे पोलिश शास्त्रज्ञ हे आधीपासून सांगत होते. फार थोड्यांनी त्यांचं ऐकलं. शेवटी १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या इटली-नेदरलँड्सच्या उपग्रहाला स्फोटानंतर मागे उरणारी धग सापडली आणि त्याच वर्षी पहिल्यांदा अंतर मोजता आलं. ते अब्जावधी प्रकाशवर्षांत निघालं. पाचिन्स्की बरोबर होते.

अब्जावधी प्रकाशवर्षांवरून इतकं प्रखर दिसायचं तर मूळ स्फोट केवढा असेल? सूर्य आपल्या हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी शक्ती बाहेर टाकतो, साधारण तेवढी इथे काही सेकंदांत निघते. आता प्रश्न असा, की एवढी शक्ती देईल अशी वस्तू कुठली?

लोखंडापाशी चूल विझते

तारा म्हणजे दोन ताकदींची रस्सीखेच. त्याचं स्वतःचंच वजन त्याला आत दाबतं आणि पोटातली आच त्याला बाहेर ढकलते. आच कशाची? हायड्रोजनचे अणू जुळून हेलियम होतो, त्यातून उष्णता सुटते. सूर्याच्या कितीतरी पट जड ताऱ्यात पुढे हेलियमपासून कार्बन, मग ऑक्सिजन, मग सिलिकॉन असं एकेक सरपण पेटत जातं. सरपण जितकं जड तितकं ते लवकर संपतं. हायड्रोजन लाखो वर्षं पुरतो, शेवटचं सिलिकॉन एखाद-दुसरा दिवस. आणि शेवटी पोटात उरतं लोखंड.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतायचं लोखंड एकदा पाहिलं की डोळ्यांपुढून जात नाही. कढईच्या तोंडाशी पिवळा-पांढरा रस थरथरत असतो आणि साच्यात उतरताना ठिणग्या फुलतात. आच द्यायची ती आपण, कोळसा आणि वीज जाळून. लोखंड स्वतः काही देत नाही. ताऱ्यातही तेच. लोखंडाचे अणू एकमेकांत जुळवले तर शक्ती सुटत नाही, उलट खर्च होते. चूल विझते ती इथे.

हा लोखंडी गोळा साधारण पृथ्वीएवढा असतो. त्याचं वजन सूर्याच्या सुमारे १.४ पट झालं की तो स्वतःचा भार पेलू शकत नाही. ही मर्यादा काढली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी, १९३० मध्ये, भारतातून इंग्लंडला जाताना बोटीवर. वय वर्षं एकोणीस. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

आणि मग तो कोसळतो. एका सेकंदाच्या आत पृथ्वीएवढा गोळा जेमतेम वीस किलोमीटरचा होतो. बेळगाव ते खानापूर अंतराएवढाही रुंद नाही. यालाच न्यूट्रॉन तारा म्हणतात, आणि त्याचं चमचाभर द्रव्य कोट्यवधी टन भरेल. त्या धक्क्याने ताऱ्याचा बाहेरचा सगळा भाग उधळला जातो. हा उधळणारा तारा म्हणजे सुपरनोव्हा. आपल्या रक्तातलं लोखंड, फाउंड्रीतलं लोखंड, ताटातल्या भातातलं ऑक्सिजन, हे सगळं ताऱ्यांत शिजून असंच बाहेर पडलेलं आहे.

काही वेळा मात्र भार इतका असतो, की न्यूट्रॉन ताऱ्यालाही तो पेलत नाही. मग कोसळणं थांबतच नाही. कृष्णविवर तयार होतं.

कृष्णविवर काही सोडत नाही, मग झोत येतो कुठून?

हा प्रश्न आप्पांच्या नातवाने विचारला आणि मला फार आनंद झाला, कारण बरेच मोठे लोकही इथेच अडखळतात.

आधी कृष्णविवर म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे कन्नड शाळेतली मुलं त्याला कप्पु कुळि म्हणतात, काळा खड्डा. पण खड्डा असा तिथे नसतो. दगड वर फेकला तर खाली येतो. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने फेकता आला तर तो पृथ्वीवरून सुटेल, परत येणार नाही. आता पृथ्वी दाबत दाबत लहान केली तर सुटण्यासाठी लागणारा वेग वाढत जाईल. खेळायच्या गोटीएवढी केली तर तो वेग प्रकाशाच्या वेगाएवढा होईल, आणि प्रकाशाहून जलद काहीच जात नाही. म्हणजे त्यातून काही सुटणार नाही. कृष्णविवर म्हणजे एवढंच : फार लहान जागेत कोंबलेलं फार वजन. सगळं ओढून घेणारा राक्षस ते नव्हे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर ते सहा किलोमीटर रुंदीचं असेल. आपल्याकडे काळोख होईल, गारठा पडेल, पण पृथ्वी आज फिरते तशीच त्याच्याभोवती फिरत राहील.

आता झोत. कंदिलात रॉकेल ओतताना लहान नरसाळ्यात एकदम जास्त ओतलं तर काय होतं? मावेल तेवढं आत जातं, बाकीचं काठावर भोवरा धरतं आणि बाहेर उडतं. कोसळणारा तारा भिंगरीसारखा फिरत असेल तर तसंच होतं. आत पडणारं द्रव्य सरळ आत जाऊ शकत नाही, कृष्णविवराभोवती चकती करून गरगरत राहतं आणि घासून भयंकर तापतं. चुंबकीय बळाच्या रेषा त्या फिरण्याने सुंभासारख्या पिळल्या जातात. त्यातून काही द्रव्य वर आणि खाली, दोन्ही टोकांना, प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळच्या वेगाने फेकलं जातं. म्हणजे झोत निघतो तो काठावरून. आत गेलेलं आतच राहतं.

हा झोत ताऱ्याचं पोट फाडून बाहेर येतो आणि गॅमा किरण सुटतात. तो अगदी चिंचोळा असतो. कोजागिरीचा तर जेमतेम एका अंशाच्या आसपास होता असं चीनच्या एका वेधशाळेच्या मोजणीवरून दिसतं. ऊस वाहणारा ट्रॅक्टर रात्री समोरून आला की हेडलाइटने डोळे दिपतात, आणि तोच बाजूच्या शेतातून दिसला तर नुसता मिणमिणता. झोताचं तोंड नेमकं आपल्याकडे असलं तरच स्फोट दिसतो. न दिसलेले यापेक्षा कितीतरी जास्त असणार.

दोन सेकंदांचा हिशेब, आणि मंगळसूत्रातलं सोनं

स्फोट दोन प्रकारचे. दोन सेकंदांहून जास्त टिकणारे लांब, कमी टिकणारे आखूड. लांब म्हणजे वर सांगितलेला कोसळणारा जड तारा. १९९८ आणि २००३ मध्ये स्फोटाच्या जागी सुपरनोव्हा उगवताना दिसला आणि शंका फिटली.

आखूड स्फोट होतात ते दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळल्यावर. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी टक्कर सापडली, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. अवकाशालाच बसलेला हेलकावा, म्हणजे गुरुत्वलहर, आधी आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. मागोमाग उमटलेल्या उजेडात जड धातू तयार होत असल्याच्या खुणा होत्या. सोनं घडतं ते अशा टकरींत. सराफाकडे तराजूत पडणाऱ्या गुंजभर सोन्याचा मोठा वाटा सूर्य जन्मायच्या आधीच्या अशाच घटनांतून आलेला असावा. कोजागिरीच्या स्फोटातही सोनं सापडेल अशी आशा होती. सहाएक महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने तिकडे पाहिलं तर सुपरनोव्हा दिसला, पण अगदी साधा, आणि जड धातूंची खूण नाही. एवढा प्रखर झोत, आणि मागचा स्फोट साधाच. हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आणि सात तासांचा? तो दोन्हींत बसत नाही. साधारण आठशे कोटी प्रकाशवर्षांवरून तो आला, थांबून थांबून उसळत राहिला, आणि त्याच्या आदल्या दिवसापासून तिथून एक्स-रे येत होते. कोसळणारा तारा इतका वेळ पुरत नाही. एक कल्पना अशी, की एखादं कृष्णविवर आपल्या जोडीदार ताऱ्याच्या पोटात शिरलं आणि त्याला आतून खात गेलं. दुसरी अशी, की मध्यम वजनाच्या कृष्णविवराने जवळून जाणारा तारा फाडला. शास्त्रज्ञ चक्रावले ते याने. पृथ्वीच्या काळजीने कुणी चक्रावलेलं नाही.

मग धोका खरंच नाही?

स्फोट आपल्याच आकाशगंगेत, काही हजार प्रकाशवर्षांच्या आत झाला आणि तोंड नेमकं आपल्याकडे असलं, तर आपल्याला रक्षणारा ओझोनचा थर विरळ होईल. इतकं मान्य करायला हवं. पण दोन्ही गोष्टी एकदम जुळणं फार दुर्मिळ. डब्ल्यूआर १०४ नावाच्या ताऱ्यांच्या जोडीवरून बरीच वर्षं घबराट होती, कारण तिच्याभोवतीची धुळीची चकरी आपल्याला समोरून दिसते, म्हणजे झोत निघाला तर तोंड आपल्याकडेच असेल असं वाटायचं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिचा अक्ष आपल्यापासून तीस-चाळीस अंश कललेला निघाला. ट्रॅक्टर वळणावर आहे, हेडलाइट दुसऱ्या शेतावर.

आप्पांनी मात्र वेगळंच विचारलं. "आर्द्रेचा तारा फुटणार म्हणतात, ते काय ओ?"

आपल्याकडचा शेतकरी पाऊस नक्षत्रांवर मोजतो : मिरग, आर्द्रा, तरणा, म्हातारा. भाताचं तरवं किती उंच झालं ते याच हिशेबात बोललं जातं. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणजे काक्षी, मृगाच्या चौकटीतला तांबूस. जूनअखेर सूर्यच त्याच्या बाजूला असतो म्हणून तो दिसत नाही. बघायचा तर थंडीत. हा तारा म्हातारा झाला आहे आणि पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी सुपरनोव्हा होईल. २०१९ च्या अखेरीस तो एकदम मंदावला तेव्हा वेळ आली असं सगळ्यांना वाटलं, पण त्यानेच उधळलेली धूळ आड आली होती. तो फुटला तर दिवसाढवळ्या दिसेल. इजा मात्र नाही. तो पाच-सातशे प्रकाशवर्षांवर आहे आणि सुपरनोव्हाने त्रास व्हायचा तर शंभर-दीडशेच्या आत असावा लागतो. गॅमा झोत तर त्यातून निघणंच कठीण, कारण त्यासाठी तारा वेगाने फिरणारा आणि वरचं हायड्रोजनचं पांघरूण गमावलेला लागतो. काक्षीचं पांघरूण जाड आहे आणि चाल संथ.

"एवढा पैसा घालून हे बघायचं कशाला?" हाही प्रश्न येतोच, आणि रास्त आहे. प्रयोगशाळेत कधीच निर्माण करता येणार नाही अशी आच, असा दाब आणि असा वेग इथे फुकट मिळतो. फक्त बघायला डोळा हवा. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ पासून तो डोळा आहे, आणि त्याच्या एका उपकरणाने असे सहाशेहून अधिक स्फोट टिपले. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण अशा स्फोटांची मागे उरलेली धग ऐकते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. तिथे काम करणारी पोरं मराठी शाळांतून गेलेलीही असतील. आप्पांचा नातू का नसावा?

निघताना त्याने विचारलं, "ती कोजागिरीची जागा दाखवाल?" ती दाखवणं सोपं आहे. जांबोटीच्या बाजूला आभाळ अजून काळं मिळतं. कोजागिरीच्या सुमाराला संध्याकाळी सातच्या आसपास मान वर करायची. डोक्याजवळ दोन ठळक तारे दिसतात, उत्तरेकडचा अभिजित आणि दक्षिणेकडचा श्रवण. त्यांच्या मधोमध, श्रवणाकडे थोडी सरकून. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. येत्या कोजागिरीला आप्पा जीप काढणार आहेत आणि दूध थर्मासमधून न्यायचं ठरलं आहे.